गुळाची खळ

हायकोर्टाले येड्यात काढणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात मी एकटाच. खरं सांगू? ते काम माह्या बकरीनं केलं. पण हे आजवर कोनालेच सांगतलं नाई, दोस्ता — बायकोलेही नाई.

नेरच्या रस्त्यावर आमची जिनिंग होती, कापसातून सरकी काढाचा कारखाना. वासुदेवभाऊ तिथला फिटर, मी हमाल. एका दुपारी उकाड्यानं पायजमा काढून उशाले घेतला अन् कापसाच्या गंजीवर झोपलो. भाऊनं तो मशीनीत टाकला! बाजाराचा दिवस — मी बारदाना गुंडाळून घरी गेलो. सारे हासले. सगळ्याईत जोरात मी हासलो, मले तेच तं येते. पण पोटात? पोटात तो बारदाना मी अकरा वर्सं गुंडाळूनच होतो.

मंग कापसाचे वाईट दिवस आले. कंपनी बुडाली, कोर्टानं जिनिंग विकाले काढली, मले गेटवर चौकीदार ठेवलं. वासुदेवभाऊनं चाळीस मजूर जमवले — बायकाईचे डोरले मोडू, पण जिनिंग आपणच घेऊ अन् चालवू. मले म्हणे, "बबन्या, गेटवर लिलावाची नोटीस लागली का पह्यले मले सांग बरं."

"हो भाऊ," म्हटलं.

विक्रीचे कोर्टाचे साहेब आले. लिलावाची तारीख सांगतली, म्हणे नोटीस चिकटवाले खळ कर. मी कणकीची खळ शिजवली — अन् तेच्यात गूळ टाकला. काहून टाकला? तुले समजलंच असन. साहेबाईनं गेटचा फोटो काढला, गाडी गेली, मी बकरी सोडली. तिनं तारखेपासून शिक्क्यापर्यंत सारं चाटून खाल्लं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा. एवढं सुख मले लग्नातही नाई भेटलं!

भाऊले मी तारीख सांगतलीच नाई; लिलावात जिनिंग भंगारवाल्यानं घेतली. मजूर नागपूरले हायकोर्टात गेले — गेटवर नोटीसच नव्हती, विक्री रद्द करा. साहेबाच्या वकिलानं मले कागद वाचून दाखवला: नोटीस पंधरा दिवस गेटवर होती. मी अंगठा ठोकला. कोर्ट म्हणे, चौकीदार अडाणी हाय, तेले खोटं बोलून काय भेटन? विक्री कायम.

मशीनी कापून ट्रकात गेल्या. चाळीस घरं कामासाठी गावोगाव पांगली. त्यातल्या कितीकाईनं तं मले बारदान्यात पाह्यलंही नव्हतं. माही चौकीदारीही तेच्यातच गेली. तरी मले गोडच लागत होतं — हे लपवून काय करू?

फक्त एक राह्यलं. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्याईवर मजूर माह्या अंगावर आले. मले वरडून सांगा वाटलं, हो, मीच केलं! भाऊले समजलं नाई तं बदला कायचा? तोंड उघडलंच होतं — तं वासुदेवभाऊच मंधात पडला. म्हणे,

"सोडा रे याले. हा काय करन? एवढी अक्कल असती तं पायजमा नसता का सांभाळला?"