दुधाची पदवी

डेअरीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मनी म्हणत. दूध नासायला लागलंय की नाही, हे मशीनच्या आधी हिचं नाक सांगायचं. घरीसुद्धा चहाचा कप आधी नाकाशी जायचा आणि आईचा पारा चढायचा. "विष नाही घातलेलं त्यात," आई म्हणायची.

तर या मनीला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी एकाच आठवड्यात होकार कळवला. एक पदवी दुधातल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची, कुठल्याशा लहान गावात. दुसरी डेटा सायन्सची, मामाच्या शहरात. तो अर्ज मामानेच मागे लागून करवून घेतला होता. मनीचा जीव पहिलीत अडकलेला. एका भांड्यातलं दही छान लागतं आणि शेजारच्या भांड्यातलं रुसून बसतं, ते का, हे तिला मुळापासून शिकायचं होतं. पण आईला मामाचं पटलं होतं आणि आईचं मन मोडून जायची मनीची छाती होत नव्हती. उद्या उत्तर कळवायचं होतं.

ती कामावरून आली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मामाकडेच जा," आई म्हणाली. "कॉम्प्युटरचं काम म्हणे घरी बसून करता येतं. तिकडे शिक आणि इथे येऊन कर. तुझ्या दुधाचं तसं आहे का?"

म्हणजे खरी गोम इथे होती. शहर, पगार, मामाचा आधार, हे सगळं नुसतं तोंडी लावायला. लेक परत यावी, एवढंच आईला हवं होतं. मनीला हसू आलं आणि लगेच भरूनही आलं.

"मामाही तेच काम करतो ना? तो आला का परत?"

आईच्या हातातली घडी विस्कटली. तिने ती पुन्हा नीट घातली.

"मग दुधाचंच घे. डेअरी इथे आहेच. तुला परत घेतील."

हवं ते आयतं पदरात पडत होतं. मनी गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. पण आईला फसवून विमानात बसायचं तिच्या जिवावर आलं.

"आई, मी परत येईनच असं नाही गं. तिकडे चांगलं काम मिळालं तर राहीन मी."

आईने घड्या उचलून कपाटात ठेवल्या. दार लावून ती तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"तरी दुधाचंच घे," ती म्हणाली. "तुझा मामा काय काम करतो, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. फोनवर 'जेवलास का' विचारते आणि पुढे गप्प बसते. तुला निदान दूध कसं होतं, ते तरी विचारता येईल."