चालता वाघ

खटकचिंचोळीत कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या चुलीवर आज मटण आहे, हे मला त्या घरच्यांच्या आधी कळतं, असा माझ्यावर आरोप आहे. तो खरा आहे. उभा जन्म सरकारी बसची कंडक्टरकी केलेल्या माणसाच्या कानाला दार नसतं. पण व्यंकटची ही हकिकत ऐकीव नाही. तिच्यात मी स्वतः मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो.

व्यंकट माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. आता नाही तो. ठेंगणा, काळा कुळकुळीत, आणि खांदे असे रुंद की माप घेताना शिंपी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. निजामाच्या राज्यात त्या खांद्यांनी काय काय वाहिलं, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. त्यात वाघही होते.

हे ऐकून नव्या पोरांना वाटायचं, म्हातारा फेकतोय. गावात फेकायचं काम माझ्याकडं होतं, व्यंकटनं त्यात कधी वाटा मागितला नाही. आमच्या भागातल्या एका जहागीरदाराला शिकारीचा नाद होता. पाहुणे साहेब आले की व्यंकटच्या वस्तीतल्या गड्यांना मालमोटारीत कोंबून पार कुंचावरमच्या रानात न्यायचे, हाक्याला. हाका म्हणजे काय, तर माणसांनी रानात ओळ धरायची, पत्र्याचे डबे बडवायचे, घसा फुटेस्तोवर बोंबलायचं आणि सावलीत पडलेल्या वाघाला उठवून मचाणाकडं पळवत न्यायचं. साहेब वर बसून बार काढणार. मजुरी म्हणून मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. मिसरूड फुटायच्या आधीपासून व्यंकट जात होता. जायचं नाही म्हणायची सोय नव्हती.

"वाघाचं त्वांड सायबाकडं, बूड आमच्याकडं," तो सांगायचा. "अन् बूड तरी कुठं दिसतंय? गवत पळताना दिसायचं निस्तं. मंग धडाम. मंग आमाला हाका मारायचे. चारी पाय बांदायचे, बांबू घालायचा, घे खांद्यावर. मुंडकं आसं लोंबायचं, माझ्या दंडाला घासायचं. ऊन आसायचं आजून."

एवढं सांगून तो तंबाखूची चिमूट तोंडात सोडायचा आणि मला म्हणायचा, "गुंड्या, म्या वाघ उचललाय, पर चालता वाघ बगितला न्हाई."

पुढं जहागिऱ्या गेल्या. छप्पन साली आमचा बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच सुमाराला व्यंकटच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला. मेलेलं ढोर ओढणं बंद झालं. व्यंकटनं चारचौघांत सांगून टाकलं, आता ह्या खांद्यावर जित्तं पोरगंच बसंल. आणि बसवलंही. लेकाला, माणिकला, शाळेत घालायला नेलं ते खांद्यावरूनच. पोरगं लाजून म्हणतंय, आबा उतरवा, मी चालतो, हा उतरवेना. पुढं सरकारनं खडकाळ जमिनीचा तुकडा दिला. नवराबायकोनं, म्हणजे व्यंकट आणि सरुबाईनं, त्यातले दगड वेचून तूर-मूग काढला, आणि त्या तुरीवर माणिक शिकला. बिदरला सरकारी कचेरीत कारकून झाला, तिथंच नौबादेत बिऱ्हाड केलं, उदगीरकडची विमलबाई घरात आणली. आता त्याला माणिकराव म्हणावं लागे. मी मात्र समोर माणिकराव आणि मागे माणक्या म्हणायचो. सवय.

सरुबाई गेली आणि व्यंकट एकदम म्हातारा झाला, अंगानं वाळला. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला, दुसऱ्यात उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कापून बघू, पण भरवसा देत नाही. त्याच दिवशी माणिकराव दवाखान्यातून तडक माझ्या ओट्यावर आला.

"काका, आबाला वाघ दाखवायचाय. डोळा हाय तवर."

"मंग दाखव की. माझ्याकडं कामून आलास?"

"तुमी कंडक्टर. वाट तुमाला ठावकी."

मी म्हणालो, "बाबा, माझी वाट हुमनाबादेत संपती. तिथं वाघ न्हाई, भजी हायत."

पण मी हरखलो होतो. चौऱ्याऐंशीचा उन्हाळा जवळ आला होता. माणिकरावाला कचेरीकडून कुटुंबासकट फिरायला जायचं भाडं मिळणार होतं, राज्यातल्या राज्यात. कचेरीतले बाकीचे त्या भाड्यावर देव करून यायचे. हा म्हणाला, मला वाघ बघायचाय. तसा हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, "कशाला खर्च करतोस? आपल्या मोठ्या साहेबाच्या खोलीत जाऊन ये."

झालं. माझ्या ओट्यावर नकाशा पसरला गेला आणि अख्ख्या गल्लीनं त्यावर वाकून आपापलं शहाणपण सांडलं. दांडेलीचं रान नको, फार दाट, हत्ती असला तरी दिसत नाही म्हणतात. नागरहोळेला लाकडी खोल्या छान, पण बस लांब सोडते आणि म्हाताऱ्याचे गुडघे. कबिनी नदीच्या काठाला राजाचा जुना शिकारबंगला, तिथं आता गोरे पाहुणे उतरतात. तिथला भाव ऐकून विमलबाईनं पदर तोंडाला लावला तो नकाशा मिटेपर्यंत काढला नाही. राहिलं बंडीपूर. म्हैसूरहून उटीच्या रस्त्याला, बस दारात थांबते, वनखात्याचे छोटे बंगले आणि रानात फिरवायला त्यांचीच मोटार.

"वाघाची हमी न्हाई हं आबा," माणिकराव आधीच बोलून मोकळा झाला. "दहातल्या नऊ लोकाला दिसत न्हाई म्हणतेत."

व्यंकटनं त्याकडं लक्षच दिलं नाही. त्यानं एकच विचारलं, "बंगल्याला व्हरांडा हाय का?"

"व्हरांडा कशाला?"

"आसंल तर यीन."

मला ठाऊक होतं कशाला. हाक्याच्या वेळी साहेबलोक रानातल्या बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसून चहा प्यायचे. हाकेवाल्यांनी लांब चिंचेखाली उभं राहायचं. पायरीला हात लागला तरी शिपाई ओरडायचा. माणिकरावानं बिचाऱ्यानं वनखात्याच्या म्हैसूरच्या कचेरीला पत्र घालून विचारलं, की आपल्या बंगल्यास व्हरांडा आहे काय. हेडक्लार्क ते वाचून खोकेपर्यंत हसला. पण उत्तर आलं: आहे.

मग बायकांची सल्लामसलत. शेजारची नागूबाई म्हणाली, "व्यंकटदाजी, वाघानं धरलं बिरलं तर?"

तिची जाऊ अनसाबाई म्हणाली, "कशाला धरील? वाघाला काय दात घासायची काडी पायजे व्हय?"

व्यंकट म्हणाला, "गुंड्याला न्यायलोय की संगं. वाघाला जेवाय."

विमलबाईनं कडक भाकरी केल्या, शेंगाची चटणी कुटली, लोणच्याची बरणी बांधली. गुलबर्ग्यापर्यंत बस, तिथून रेल्वेनं बेंगळूर, पुन्हा म्हैसूर. म्हैसूरच्या खानावळीत मी बिदरी कन्नडमध्ये पाणी मागितलं, तसा वाढपी दोन पावलं मागं सरकला. त्याला वाटलं मी भांडतोय. तिथली कन्नड म्हणजे दुधात साखर. आमची म्हणजे तव्यावरची मिरची. त्यानंतर विमलबाईनं मला गप्प बसवलं आणि बोटांनी खुणा करून आम्हा चौघांचं जेवण सुरळीत मिळवलं.

बंडीपूरला पोचलो तेव्हा दुपार होती. बंगला बसका, कौलारू, पुढं व्हरांडा, आणि व्हरांड्यात, देवाशप्पथ, वेताच्या खुर्च्या. व्यंकट पायरीशी थांबला. आम्ही सामान आत नेलं, तरी हा तिथंच. वहाणा काढल्या. मग पुन्हा घातल्या. मग वहाणांसकट वर चढला आणि खुर्चीत बसला. समोर मोकळ्या गवतात चितळांचा कळप आमच्या गावातल्या शेळ्यांसारखा चरत होता.

"गुंड्या," म्हातारा म्हणाला, "च्या आन."

"मी काय तुझा शिपाई हाय व्हय रं?"

"आजच्या दिवस हो की."

मी झालो. माझ्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, मी तिकिटं फाडली, पण इतक्या खुशीनं कुणाचा चहा आणला नाही. चहा बशीत ओतून तो सावकाश प्यायला आणि मग कप पुढं करून म्हणाला, "आजून येक." तिसऱ्या कपाला मी त्याला शिवी दिली.

त्या संध्याकाळच्या फेरीला हत्ती दिसले, पिल्लासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी गवा दिसला, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा. विमलबाई तर मोरांनीच खूश. पण माणिकरावाचा चेहरा फेरीगणिक उतरत चालला. दुपारी तो व्हरांड्याच्या कडेला येऊन मला म्हणाला, "काका, आता येकच फेरी राह्यली. उद्या सकाळी निगायचं. पुन्हा काय आबाला इथं आणणं होत न्हाई."

"तुझ्या आबाला काळजी दिसत न्हाई."

"त्येनला न्हाई. मला हाय."

शेवटच्या फेरीला मोटारीत आम्ही चौघं आणि मागं एक नवं जोडपं, जे वाघाकडं सोडून सगळीकडं, म्हणजे एकमेकांकडं, बघत होतं. ड्रायव्हर मल्लप्पा. व्यंकटला त्यानं आपल्या शेजारी पुढं बसवलं होतं. ऊन तिरपं झालं. एका तळ्याच्या अलीकडं चितळ ओरडलं, मग झाडावरून वानर खेकसलं. मल्लप्पानं इंजीन बंद केलं आणि उतारावरच्या घाणेरीच्या जाळीकडं बोट दाखवलं.

"हुली," तो कुजबुजला.

वाघ! कन्नडमधला हा शब्द सगळ्यांना कळला. नव्या जोडप्यानं पहिल्यांदा बाहेर बघितलं.

जाळी गच्च. त्यात काही हलेना. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं. अंधारापूर्वी मोटार नाक्यावर पोचवायचा नियम. मल्लप्पा घड्याळाकडं बघायला लागला. माणिकराव मागून वाकून त्याला हळूच म्हणाला, एकदा हॉर्न वाजवा, वाघ बाहेर येईल. मल्लप्पानं मान हलवली, परवानगी नाही. मग माणिकरावानं बापाकडं बोट केलं, डोळ्यांची खूण केली, हात जोडले. मल्लप्पानं म्हाताऱ्याच्या त्या पांढुरक्या डोळ्याकडं बघितलं. पाघळला.

"ओंदे सल," तो म्हणाला. एकदाच. आणि हात हॉर्नकडं नेला.

व्यंकटनं तो मनगटाला धरला.

"न्हाई."

"आबा, शेवटची फेरी हाय!" माणिकरावाचा आवाज फुटला. "वाजिवला की येतंय भायेर."

"येतंय की. मला सांगायलास व्हय? म्या काय कमी काडले?"

"मंग?"

"त्यो पळता वाघ. मला चालता बगायचाय."

"आन् आलाच न्हाई तर?"

"न्हाई आला तर न्हाई आला. त्येच्या मनात आसंल तर यील." व्यंकटनं मनगट सोडलं नाही. "तवा त्येला कुणी इचारलं न्हाई. आमाला बी इचारलं न्हाई."

माणिकराव मागं टेकला आणि त्यानं खिडकीकडं तोंड केलं. विमलबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला तर भीती वाटली की मीच शिंकेन.

किती वेळ गेला कोण जाणे. मग व्यंकट पुढं झुकला.

"ते बग."

"कुठं?"

"शेंडे बग जाळीचे. डावीकडले."

घाणेरीचे दोन शेंडे हलले. थांबले. जरा पुढचे हलले. पुन्हा थांबले, जसं कुणीतरी आत उभं राहून अंग मोडतंय. मग आणखी पुढचे. काही घाई नाही. पिवळं नाही, काळं नाही, शेपटाचं टोकसुद्धा नाही. नुसती ती हालचाल जाळीच्या आतून तळ्याच्या अंगाला उतरत गेली, आणि जिथं उतार संपतो तिथं दिसेनाशी झाली.

"चालतंय," व्यंकट म्हणाला. "माणिक, चालतंय बग. पानी प्यायला निगालंय."

माणिकराव वळला होता, पण जाळीकडं नाही. तो बापाकडं बघत होता.

मल्लप्पानं हळूच इंजीन चालू केलं. नाक्यावर पोचलो. मोटारीतून उतरताना माणिकरावानं बापाला धरलं, म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर भार टाकला, आणि दोघं तसेच बंगल्याकडं गेले. मागं ते नवं जोडपं मला विचारत होतं, नक्की काय दिसलं. मी, ज्यानं आयुष्यात कधी नसलेलं सांगायचं सोडलं नाही, मला त्यांना असलेलं सांगता येईना.

गावात आलो तर ओट्यावर जत्रा. नागूबाई सगळ्यात पुढं.

"दाजी, दिसला का वाघ?"

मी तोंड उघडणार होतो. माझा वाघ तयार होता, चांगला दहा हातांचा. पण व्यंकटनं मला कोपरानं ढोसलं.

"झुडूप दिसलं," तो म्हणाला.

सगळे फिदीफिदी हसले. अनसाबाई म्हणाली, "आगं बया! येवड्या लांब जाऊन झुडूप? आमच्या बांदाला काय कमी हायत व्हय?"

"हायत की वैनी," व्यंकट म्हणाला, "पर तुमच्या झुडपातनं वाघ चालत न्हाई."

पुन्हा हशा. माणिकराव त्यात सामील झाला नाही. तो बापाच्या पायाशी ओट्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आबा, सांगा की ह्येनला. कसा चालला ते सांगा."

म्हाताऱ्यानं तंबाखूची डबी काढली. चुना लावला. मळायला घेतली.

"निवांत," तो म्हणाला. "लई निवांत."