हंड्यातले बेडूक

आमच्या गावात चेटकिणींचं संग्रहालय उघडलं तेव्हा एस्कोलास्तिका म्हणाली, "त्याला तिकीट कशाला काढायचं? रविवारी चर्च सुटल्यावर पायरीवर उभं राहा, फुकट दिसतील." बोलताना तिची नजर नेमकी फ्रान्चिस्कावर होती.

दोघी शेजारणी. दोघी सत्तरी ओलांडलेल्या, दोघींचे नवरे गेलेले, दोघींकडे मेंढ्या. एके साली फ्रान्चिस्का एस्कोलास्तिकाच्या चीजच्या खोलीत डोकावली, "काय सुरेख जमलंय गं यंदा!" म्हणाली, आणि आठवड्याभरात सगळे गोळे फुगून तडकले. एस्कोलास्तिकानं भर चौकात जाहीर केलं, "हिची दृष्ट लागली."

तेव्हापासून अबोला. अबोला म्हणजे बोलणं भरपूर, पण सगळं माझ्यामार्फत. मी नेकाने, चौकातला बार माझा. एक या टोकाला बसायची, दुसरी त्या टोकाला.

"नेकाने, तिला सांग, तिच्या मेंढीनं माझा कोबी खाल्ला."

"नेकाने, तिला सांग, मेंढी घरी येऊन दिवसभर ओकत होती."

अशी कित्येक वर्षं गेली. मग एकदा संग्रहालय सांभाळणारा इकेर एस्कोलास्तिकाकडे आला. जुन्या स्वयंपाकघराचा देखावा करायचाय, काही भांडं मिळेल का, म्हणाला. तिनं आईचा तांब्याचा हंडा दिला. आई त्यात चीजसाठी दूध तापवायची. व्हिनेगर आणि मीठ लावून तिनं तो इतका घासला, की इकेर त्यात तोंड बघून केस सारखे करायला लागला.

महिन्याभरानं फ्रान्चिस्का बारमध्ये आली आणि छताकडे बघत म्हणाली, "नेकाने, कुणीतरी कुणाला तरी सांगायला हवं बाई, की तिच्या आईच्या हंड्यात बेडूक घातलेत."

एस्कोलास्तिकानं पेला खाली ठेवला. "नेकाने, चल."

मी गल्ला तसाच टाकून निघाले. गुडघेदुखी विसरून ती चढ चढत होती. मागून फ्रान्चिस्काही आली. "मी आपली सहज," ती मला म्हणाली.

संग्रहालयात देखावा खरंच तसा होता. चुलीवर आईचा हंडा, खाली लाल दिवा, आत हिरवे बेडूक आणि एक साप. एस्कोलास्तिका दोरी ओलांडून आत शिरली आणि एकेक बेडूक काढून एप्रनच्या खिशात कोंबायला लागली. तिथल्या पर्यटकांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इकेर धावत आला. "मावशी, अहो, ते रबराचे आहेत!"

"सोन्याचे का असेनात! या हंड्यात दूध असायचं. माझी आई चेटकीण होती का रे?"

"नाही मावशी. पण इथं चेटकिणी म्हणून ज्यांना पकडलं, त्याही नव्हत्या. ते भिंतीवर लिहिलंय सगळं."

"मग लोकांना बेडूक कशाला दाखवतोस?"

इकेरनं भिंतीकडे बोट दाखवलं. एस्कोलास्तिका भिंतीपाशी गेली, पण चष्मा घरी राहिला होता. तेव्हा फ्रान्चिस्का पुढे झाली आणि कुणाकडेच न बघता मोठ्यानं वाचायला लागली. चारशे वर्षांपूर्वी गावात कुणी कुणावर चेटकाचा आळ घेतला. मग सगळ्या शेजाऱ्यांनी चर्चमध्ये उभं राहून एकमेकांची माफी मागितली. प्रकरण मिटलं. पण बाहेर बातमी गेली, धर्मन्यायालयाची माणसं आली आणि गावकऱ्यांना लोग्रोन्यो शहरात घेऊन गेली. काही कोठडीत मेले. काहींना जाळलं.

फ्रान्चिस्कानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे मिटलं होतं की गं!" एस्कोलास्तिका म्हणाली. फ्रान्चिस्काला म्हणाली, थेट. मी तिथंच उभी असून.

"हो ना. मिटलं होतं."

"मग बाहेरच्यांचं काय अडलं होतं?"

मग फ्रान्चिस्का हळूच म्हणाली, "तुझ्या चीजला मी काही केलं नव्हतं."

"माहितीय. चीज गाळायचं फडकं उकळायचं राहिलं होतं माझं."

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी."

"अगं भवाने! आणि इतकी वर्षं मला चेटकीण म्हणत फिरलीस?"

"चौकात बोलून बसले होते. मागं कशी घेऊ?" एस्कोलास्तिकाचा चेहरा लालबुंद झाला होता. "आता घेते. चुकलंच माझं, फ्रान्चिस्का."

फ्रान्चिस्का आधी रडली, मग हसायला लागली, ती थांबेचना. हसताहसता तिनं एस्कोलास्तिकाच्या खिशातून एक बेडूक काढला आणि इकेरच्या हातात ठेवला. उरलेले त्याला कधीच मिळाले नाहीत.

त्या दुपारी दोघी माझ्याकडे एका टेबलावर बसल्या, कॉड माशाचं आम्लेट आणि सफरचंदाची सायडर मागवली. आम्लेटमध्ये कांदा जास्त झालाय की कमी, यावरून पंधरा मिनिटांत जुंपली. मी सवयीनं मधे पडले.

"नेकाने," दोघी एकदम ओरडल्या, "तुला कुणी विचारलं?"