ते दार क्लिकनं उघडत नाही

कोंबडी बोलली आणि लोक हसले. टेबलाभोवती पंधरा-वीस जण होते. परीक्षक बाईही हसल्या. म्हणाल्या, "हे भारी आहे. कुणाचा आवाज?"

आवाज माझ्या आईचा होता. वेग दुप्पट-तिप्पट वाढवून तो कोंबडीला लावला होता. आईनं म्हटलेले शब्द, आमच्या बोलीतले, असे होते: कोण आहे, बसा, पाणी आणते. वेग वाढवल्यावर त्याचा कलकलाट झाला होता. मी तो ओळखला, कारण तो मीच रेकॉर्ड केला होता.

नंदुरबारच्या एका कॉलेजचं सभागृह. चौदा टेबलं, आमचं नववं. टेबलामागे खुर्ची एकच होती आणि तिच्यावर आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकांचा मुलगा बसला होता. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'निर्माता' लिहिलं होतं. माझ्या ओळखपत्रावर 'मदतनीस'. मी उभी होते.

मालक परीक्षक बाईंना म्हणाले, "आमच्या मुलानं बनवला. ही फक्त माऊस चालवते."

गेम मी बनवला होता. दीड वर्ष लागलं होतं. तो कसा बनला आणि माझ्या हातून कसा गेला, ते क्रमानं सांगते.

क्लास नवापूरला, बाजारातल्या गाळ्यात. टायपिंग आणि कॉम्प्युटरचे सरकारमान्य कोर्स. मी तिथे तीन वर्षं शिकवत होते. लागले त्या दिवशी मालकांनी मूळ कागद मागितले. दहावी, बारावी, पदवी, जातवैधता. म्हणाले, "पोरी दोन महिन्यांत सोडून जातात. कागद असले म्हणजे टिकतात." मी दिले. पोच मागितली नाही. मागायची असते हे मला माहीत नव्हतं. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ते गेले.

मालकांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए चिंचपाडा." माझं गाव चिंचपाडा नाही, तिथून आत चार किलोमीटरवरचा पाडा आहे. पण त्यांना त्या बाजूचं तेवढंच नाव ठाऊक होतं. "ए चिंचपाडा, प्रिंटरमा कागद टाक." विद्यार्थी मला मॅडम म्हणत. मालक समोर असले की तेही काहीच म्हणत नसत.

दुपारी एक ते तीन क्लास बंद. सगळे जेवायला घरी जात. मला घरी जाऊन परत येणं शक्य नव्हतं. मी आतच थांबे. मालक बाहेरून शटर खाली ओढत आणि कुलूप लावत. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी विचारलं, सर, कुलूप कशाला.

"कॉम्प्युटर शेतस आठे. कोनी घुसी जाई ते मी काय करसू?" म्हणजे, इथे कॉम्प्युटर आहेत, कोणी घुसलं तर?

संडास गाळ्यांच्या मागे, बाहेर होता. म्हणून मी अकरानंतर पाणी पीत नसे. तीन वर्षांत ती सवय पक्की झाली. आता कुलूप नाही, तरी दुपारी तहान लागत नाही.

त्या दोन तासांत मी गेम बनवला.

अशा गेममध्ये पळापळ नसते, गोळीबार नसतो. एक चित्र असतं. चित्रातल्या वस्तूवर क्लिक केलं की पात्र तिथे चालत जातं, बघतं, बोलतं, काही उचलतं. एक कोडं सुटलं की पुढचं चित्र. एकटा माणूस असा गेम बनवू शकतो. जगभर एकेकटी माणसं ते बनवतात, इंटरनेटवर फुकट ठेवतात आणि आपण कुठे चुकलो तेही लिहून ठेवतात. मी त्यांचं लिहिलेलं फोनवर भाषांतर करून वाचलं. सॉफ्टवेअर फुकट होतं. चित्रं मी घरी वहीत काढत असे आणि फोननं फोटो घेत असे.

गोष्ट साधी होती. नवापूरला पोल्ट्री फार्म आहेत. पोल्ट्रीत रोग आला की सरकारी पथक येतं आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही मारायला पोत्यात भरून नेतं. माझ्या गेममधल्या म्हातारीनं आपली एकुलती कोंबडी शेजाऱ्यांकडे लपवायला दिली आहे. शेजाऱ्यांनी ती पुढे दिली, त्यांनी आणखी पुढे. आता पथक गेलं आहे आणि म्हातारीला कोंबडी परत हवी आहे. पाच घरं. कोंबडी कुणाकडे आहे ते कोणी चटकन सांगत नाही.

यूट्यूबवर दुसऱ्यांचे गेम बघताना मला एक गोष्ट खटकायची. नायक कुणाच्याही घरात शिरतो आणि दिसेल ते उचलतो. दोरी, किल्ली, भाकरी. घरवाले बघत बसतात. माझ्या गेममध्ये उचलायचं काही नव्हतं. मागायचं होतं.

आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की अंगणात थांबतात. खाट असेल तर बसतात. आतून कोणीतरी पाणी आणतं. पाणी प्यायचं, तांब्या परत द्यायचा, मग बोलणं सुरू होतं. मी गेम तसाच बनवला. खाटेवर क्लिक करा, थांबा. चाळीस सेकंदांनी बाई पाणी घेऊन येते. दारावर क्लिक केलं तर काही होत नाही. कितीही वेळा करा.

बाईचा आवाज आईचा. आईला फोनपुढे बोलायला लावायला दोन रविवार गेले. ती म्हणायची, "फोन ऐकतोय, की तिकडे कोणी आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. तेव्हा बोलली.

पाड्यावर माझ्या मामानं गेम खेळून बघितला. फोनवर खाटेला बोट लावलं, हात मांडीवर ठेवला आणि थांबला. मावशीनंही तेच केलं. त्यामुळे माझ्याकडून एक चूक राहिली. थांबायचं आहे, अशी सूचना मी गेममध्ये कुठेच लिहिली नाही. कोणी सरळ दाराशी जाईल हे चित्र काढताना माझ्या डोक्यातच आलं नाही.

मालकांचा मुलगा सुरतला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत आला, क्लासच्या कॉम्प्युटरवर माझं फोल्डर त्याला दिसलं. त्यानं गेम उघडला आणि दारावर क्लिक केलं. मग पुन्हा. मी मोजलं नाही, पण वीसेक वेळा असेल.

"हँग झालाय."

मी म्हटलं, "हँग नाही. अंगणात बसायचं आहे."

"किती वेळ?"

"पाणी येईपर्यंत."

"एवढा वेळ कोण थांबणार, यार." आणि हसला. वाईट हसू नव्हतं. त्याला खरंच वाटलं की मला गेम जमलेला नाही.

चार दिवसांनी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कॉलेजच्या प्रदर्शनात क्लासचा गेम ठेवायचा आहे, म्हणाले. मी म्हटलं, सर, गेम माझा आहे.

"तुन्हा? कॉम्प्युटर कोना शे? लाईट कोनी शे?"

कपाट त्यांच्या खुर्चीच्या मागेच होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी तेव्हा होकार दिला.

मुलानं गेम 'दुरुस्त' केला. दार क्लिकनं उघडू लागलं. खेळणारा सरळ घरात शिरे, टोपली उचले, खाली कोंबडी मिळे. पाच मिनिटांत गेम संपू लागला, म्हणून त्यानं पाठलाग घातला. कोंबडी पळते, म्हातारी पडते. माझ्या मामासारखा काढलेला माणूस होता, त्याच्या डोक्याला पिसं आणि हातात तीर-कामठा. सगळ्यांची वाक्यं बदलली, नाटकातले गावठी नोकर बोलतात तशी. पाणी आणणाऱ्या बाईला काम उरलं नाही. तिचा आवाज मोकळा राहिला होता. तो त्यानं कोंबडीला दिला.

हे सगळं मी प्रदर्शनाच्या दिवशी, नवव्या टेबलामागे, माऊस हातात असताना पहिल्यांदा बघितलं.

लोक हसले. परीक्षक बाईंनी आवाज कुणाचा ते विचारलं. मालकांचा मुलगा म्हणाला, "इफेक्ट आहे, मॅडम."

मी माऊस सोडला. म्हटलं, "माझ्या आईचा आवाज आहे."

बाईंना वाटलं मी कौतुकानं सांगते आहे. "अरे वा," म्हणाल्या.

"गेम मी बनवला आहे. हा बिघडवलेला आहे. मूळ माझ्या फोनमध्ये आहे."

मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "बस ना यार. शेवटी तुझं नाव टाकतो ना." मालक पुढे आले. आधी बाईंना मराठीत म्हणाले, "माफ करा, गावाकडची आहे." मग मला, हळू आवाजात, "चिंचपाडा, बाहेर निंघ."

मी निघाले नाही. पायाला घाम आला होता, चप्पल निसटत होती. फोन काढला, गेम उघडला, बाईंच्या पुढे धरला. त्यांनी घेतला. म्हातारीला पहिल्या घराशी नेलं. दाराला बोट लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"अडकलंय वाटतं," त्या म्हणाल्या.

"अडकलेलं नाही. थांबावं लागतं."

त्या आठ-दहा सेकंद थांबल्या. घड्याळ बघितलं. फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही आपसात मिटवा." त्या दहाव्या टेबलाकडे गेल्या.

मी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. कोणी अडवलं नाही. बक्षीस कुणाला मिळालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

एसटी स्टँडवर बसून मी मूळ गेम इंटरनेटवर टाकला. फुकट, कोणालाही उतरवून घेता येईल असा. माझं पूर्ण नाव, पाड्याचं नाव. कशाबद्दल आहे ते तीन ओळींत. नेट बारीक होतं. नवापूरची एक गाडी त्यासाठी सोडली.

आईला घरी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, असं मामा म्हणाला. आईनं चुलीत लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "तिकडे कोणी नाही म्हणाली होतीस." आणि नंतर, "पुन्हा तो फोन माझ्यापुढे धरू नको." मी तो पुन्हा धरलेला नाही. आता बनवते आहे त्या नव्या गेममध्ये बायकांना आवाज नाही. त्यांचं बोलणं वाचावं लागतं.

गेम लोकांनी उतरवून घेतला, फार नाही. सुरतेच्या कापड बाजारात हमाली करणाऱ्या आमच्याकडच्या एकानं लिहिलं की खाट बघून तो बसला आणि दुपारची सुट्टी संपली. कुठल्या तरी परदेशातल्या माणसानं लिहिलं की दारात दोष आहे. मी त्याला उत्तर लिहिलं. सूचना अजूनही घातलेली नाही. पूर्वी ती माझी चूक होती. आता ठरवून घालत नाही.

मालकांनी कामावरून काढलं. ते अपेक्षित होतं. कागद मागायला गेले तेव्हा त्यांनी एक छापलेला कागद पुढे सरकवला. गेम क्लासच्या मालकीचा आहे, मी तो क्लाससाठी पगारावर बनवला, इंटरनेटवरून काढून टाकते. खाली सहीची जागा. मालक म्हणाले, "सही कर आणि कागद ली जाय. मन्हं काही भांडण नही."

मी सही केली नाही. त्यांनी कपाट उघडलं नाही.

त्यानंतर एका आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या जागेसाठी यादीत माझं नाव लागलं. कागदपत्रं तपासायला बोलावलं. मूळ प्रती, झेरॉक्स चालणार नाही. रांगेत माझ्यापुढे सहा जणी होत्या. माझा नंबर आला, मी झेरॉक्स दाखवल्या आणि बाजूला झाले. तपासणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, दुय्यम प्रती मिळतील.

ठाण्यात गेले. हवालदारांनी अर्जाचा नमुना दाखवला. "लिहा, प्रवासात हरवले." मी म्हटलं, हरवले नाहीत. कुठे आहेत ते मला माहीत आहे. कोणत्या कपाटात, कोणत्या कप्प्यात.

"ताई, हरवले लिहिलं की आठ दिवसांत काम होईल. अडकवून ठेवले लिहिलं तर केस. वर्ष जाईल. तुम्हाला नोकरी पाहिजे का भांडण?"

हवालदार खोटं बोलत नव्हते. दोन्ही हिशोब बरोबर होते. पण हरवले असं लिहिलं की ते कपाट रिकामं होतं, त्यात कोणी काही ठेवलं नाही, मी तिथे तीन वर्षं बसले नाही, असं माझ्याच अक्षरात माझ्याच सहीनं होणार होतं. त्या सहीत आणि मालकांना हवी होती त्या सहीत मला फरक दिसला नाही.

मी दुसरा कागद मागितला. त्यावर मालकांचं पूर्ण नाव, क्लासचा पत्ता, चार कागदांची यादी, दिल्याची तारीख लिहिली. 'हरवले' च्या जागी 'बळजबरीनं ठेवून घेतले' लिहिलं. हवालदारांनी वाचला आणि बाजूला ठेवला. शिक्का मारला नाही. साहेब आल्यावर बघू, म्हणाले.

दर सोमवारी जाते. साहेब नसतात किंवा असून नसतात. आश्रमशाळेची जागा भरली गेली. पुढच्या वेळी यादीत नाव लागेल की नाही, सांगता येत नाही. वय वाढतं आहे आणि त्या कागदांशिवाय या जिल्ह्यात मी बारावी पासही नाही.

गेम काढणार नाही. हरवले लिहून देणार नाही. शिक्का मारेपर्यंत मी सोमवारी ठाण्यात असेन आणि मारला नाही तर धुळ्याला वकील शोधेन. तोवर मालकांनी ते कपाट उघडावं किंवा उघडू नये. त्यातले कागद माझे आहेत, हे पोलिसांना मी लिहूनच घ्यायला लावणार आहे.