वशिल्याचं फोल्डर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण घोळ माझाच होता. पण पस्तावा? अजिबात नाही!

मी लातुरात एका क्लासच्या ऑफिसात कामाला. दहावीचा निकाल लागला की आमच्या ईमेलवर अख्खा मराठवाडा तुटून पडतो. प्रवेश परीक्षेचे अर्ज, तक्रारी, जाहिराती, सगळा गोपाळकाला! मोठे सर म्हणाले, "पुण्याहून माणूस बोलवू का?"

पुण्याहून? मी काय मेलो होतो? चार व्हिडिओ बघितले आणि स्वतःच स्क्रिप्ट लिहिली. मेल आला की त्यातले शब्द बघायचे आणि त्याला त्याच्या फोल्डरात टाकायचं. अर्ज 'अर्ज'मध्ये, जाहिराती 'कचरा'मध्ये.

आणि एक फोल्डर खास माझ्या डोक्यातलं: 'वशिला'. मला वशिल्याची भयंकर चीड! मेलमध्ये मेहुणा, साडू, भाचा, पाव्हणे, साहेब, काहीही दिसलं की मेल थेट तिकडे. ते फोल्डर कुणी उघडायचंच नाही. आहे की नाही न्याय?

मग 'अर्ज'मधल्या सगळ्यांना हॉल तिकिटं पाठवली. अर्ज जरा कमीच वाटले. म्हटलं, यंदा पोरं नांदेडच्या क्लासला गेली असतील.

परीक्षेच्या दिवशी गेटवर ही गर्दी! हॉल तिकिटाशिवाय आत सोडायचं नाही, हा नियम. हदगावहून एसटीनं लेकीला घेऊन आलेले एक गृहस्थ माझ्यावरच धावून आले.

"पोरीचं तिकीट कुठंय? कवापासून मेल करून राहिलो, उत्तरच न्हाई!"

"काय लिहिलं होतं मेलमध्ये?"

"काय लिवणार? नमस्कार साहेब, मी हदगावच्या गुरुजींचा साडू, पोरीला परीक्षेला बसवायचं हाय."

"साडू कशाला लिहिलं? हा वशिला झाला!"

"वशिला? अवो, कोण कुठला ते सांगितल्याबिगर माणसाशी बोलायचं कसं?"

मागून सगळ्या बापांनी री ओढली, "हाव, हाव!" पोरगी रडायलाच लागली. वर्षभर अभ्यास करून ती गेटवर अडकली होती, आणि अडकवणारा मी. खरं सांगतो, माझी तंतरली.

तेवढ्यात मोठे सर धावत आले, सगळ्यांना आत घेतलं, परीक्षा उशिरा सुरू केली. पोरगी बसली एकदाची. मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर 'वशिला' उघडलेलं. आमच्या भागात 'साहेब' न लिहिता मेल करणारा बाप आणायचा कुठून? निम्मा मराठवाडा आत कोंबलेला!

"हा शहाणपणा कुणी सांगितला होता?"

"सर, रागवायचं तर रागवा," मी छाती काढून म्हणालो, "पण वशिला म्हणजे वशिला. या ऑफिसात चालायचा नाही!"

सर कॉम्प्युटरकडे वळले. फोल्डरच्या तळाशी गेले. माझी स्क्रिप्ट जुन्या मेलांवरूनही फिरली होती. सगळ्यात जुना मेल त्यांनी मोठ्यानं वाचला, "साहेब, माझ्या भाच्याला तुमच्या ऑफिसात चिकटवून घ्या. पोरगा गरीब आहे स्वभावानं. कॉम्प्युटर लई भारी येतो त्याला." खाली नाव माझ्या मामाचं.

मी घसा खाकरला.

"बघितलं ना सर? स्क्रिप्ट एकदम बरोबर चालते!"