भाजलेलं की शिजवलेलं?

डॉक्टरांकडे किस्से साठतात ते ड्रॉवरमधल्या औषधांच्या सॅम्पलसारखे. हवं तेव्हा एक सापडत नाही, अन् उघडलं की दहा अंगावर पडतात! माझे निम्मे किस्से एकाच माणसाचे. एकोणीसशे सत्तरनंतरच्या दोन-तीन वर्षांत मी सोलापुरात हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, होतो, तेव्हाचे आमचे सर्जन. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीचा पेशंट आला की सर आधी त्याचं पोट तपासायचे अन् मग थेट त्याच्या स्वयंपाकघरात शिरायचे.

परदेशी जर्नलमध्ये त्यांनी वाचलं होतं, की मांस जास्त खाणाऱ्यांत ह्या गाठी जास्त दिसतात. सरांना वाटे, खाण्याइतकंच भाजण्यातही काहीतरी असणार. म्हणून एक जाड रजिस्टर केलं. किती दिवसांनी खाता? शिजवून की भाजून? खरपूस की काळं? आणि विचारणाऱ्याने स्वतः जन्मात अंड्यालाही हात लावलेला नव्हता. "सुकं मटण म्हणजे उन्हात वाळवलेलं ना?" असं त्यांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

*

सांगोल्याकडचे एक मेंढपाळ आजोबा आले होते.

"मटण किती वेळा खाता?"

"जत्रंला."

सरांनी लिहिलं, वर्षातून एकदा. मी हळूच म्हटलं, "सर, कुठकुठल्या जत्रा ते विचारा." आजोबा बोटं मोजायला लागले. दोन्ही हात संपले, मग पाव्हण्यांची गावं सुरू झाली.

"आन् मदीच मेंढरू मेलं तर त्ये काय टाकून द्यायचं व्हय?"

सरांनी निमूटपणे आधीचं खोडलं.

*

एकदा सर मला घेऊन मोडनिंबच्या ढाब्यावर गेले, तपासणीसाठी नमुने गोळा करायला. मटण निखाऱ्यावर भाजायला सांगितलं अन् मनगटावरच्या घड्याळात बघत बसले. थोडं भाजलेलं एका बाटलीत, खरपूस दुसऱ्या बाटलीत, प्रत्येकीला लेबल. तिसरं मात्र तीनदा परत पाठवलं, "अजून काळं करा" म्हणून.

शेवटी ढाबेवाला हात जोडून म्हणाला, "सायेब, ह्येच्या म्होरं कोळसाच हाय."

सरांनी दही-भाकरी खाल्ली. मटण सगळं बाटल्यांत गेलं अन् मी उपाशीपोटी परत आलो!

*

एका पेशंट गृहस्थांच्या घरी अंडंसुद्धा चालत नव्हतं. बायकोला बाहेर पाठवलं तेव्हा कुठे ते बोलले. दर बुधवारी मित्राच्या शेतात, भाजलेलं. "पण घरी कळू देऊ नका."

मी बाहेर आलो तर बाईंनी मला बाजूला घेतलं. "त्यांनी बुधवारचं सांगितलं ना? नसेल तर लिहून घ्या. शर्टाला धुराचा वास येतो. पण मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका."

मी दोघांनाही शब्द दिला अन् तो आजवर पाळलाय.

*

आणि वळसंगच्या शेवंताबाई. नवऱ्याचं ह्याच गाठीचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. दीर अख्ख्या वॉर्डाला ऐकवायचा, "हिनंच जळकं मटण घालून दादाची ही गत केली." आठ दिवस बाई एका शब्दाने बोलल्या नव्हत्या, धड जेवल्याही नव्हत्या. बघून जीव तुटायचा. त्या दिवशी राउंडला त्या सरांसमोर उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, खरं सांगा. माज्या हातानं झालं का ह्ये?"

सर खोटा दिलासा देत नसत. "बाई, भाजलेल्या मांसाचा संबंध असावा, असं मला वाटतं. पण नक्की माहीत नाही."

"बगा, मी म्हणत हुतो," दीर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. सरांच्या हातातल्या रजिस्टरकडे बघून म्हणाल्या, "ह्यात कुणाकुणाचं लिवलंय?"

"ज्यांना ही गाठ झाली त्यांचं."

"समदी आजारीच?"

"हो."

"मग माजं कोन लिवनार? खरपूस तेवढं ह्यास्नी वाडायची, पार काळं झालेलं मी खायची. तीस वर्सं. मला कुटं काय झालंय? आन् ह्यो दीर तर जळकंच मागून खातो की."

  

सरांनी दोन वर्षांचं ते रजिस्टर मिटलं, मला कोरं आणायला पाठवलं अन् स्वतःची खुर्ची बाईंसाठी पुढे सरकवली. "बसा बाई. पहिलं नाव तुमचं."

दीर दाराकडे सरकत होता. सर त्याला म्हणाले, "तुम्ही कुठे निघालात? दुसरं तुमचं."