घाबरायचं काम

“बाबा, पोरीचं नाव काढू नका. मी तुमच्या पाया पडते.”

हे मी मोबाईलमध्ये बोलले. आणि तेच शब्द भिंतीपलीकडच्या हॉलमधून, स्पीकरवरून, माझ्याच आवाजात परत आले. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात ओलं फडकं. मला काही कळेना. मग हसणं ऐकू आलं. दोन-चार माणसांचं नाही. भरलेल्या हॉलचं.

फोनवरचा मुलगाही हसत होता. म्हणाला, “थँक्यू, आजी.”

मी पेणच्या एका कॉलेजात फरशी पुसायचे. कंत्राटदाराकडची कामवाली. त्या दिवशी प्रवेशासाठी पालकांना बोलावलं होतं. कॉलेजने आदल्या वर्षी तीन नवे कोर्स काढले होते, नेटवर्किंग, सायबर सिक्युरिटी आणि नृत्य. गेटवर मोठा फलक लागला होता. माझी नात दर्शना सायबरला होती. तिचा बाप, माझा मुलगा, धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जवर कामाला. घरी कधीमधी येतो. पोर माझ्याकडेच वाढली.

फोन आला तेव्हा मी हॉलबाहेर पुसत होते. मुलगा म्हणाला, ऑफिसातून बोलतोय. दर्शनाच्या कागदात घोळ आहे, तिचं नाव आत्ता निघतंय. तुमच्या मोबाईलवर नंबर आलाय, तो लगेच सांगा, नाहीतर उद्यापासून तिला घरी बसवा. मी नंबर वाचला. चौथी शिकले आहे, आकडे वाचता येतात. घाबरून परत एकदा वाचला. वर पायाही पडले.

हॉलचं दार उघडून सायबरचे सर बाहेर आले. दंडाला धरून मला आत नेलं, स्टेजवर चढवलं. माइकवर म्हणाले, “पाहिलंत? किती सोपं असतं. ही तुमच्या-आमच्या घरातली आजी. म्हणून हा कोर्स.” टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगांत पेणमधली चांगल्या घरची माणसं बसली होती. एक बाई हसून हसून डोळे पुसत होती.

मी सरांना विचारलं, “म्हंजे पोरीचं नाव हाय ना?”

माइक जवळ होता. तेही सगळ्यांनी ऐकलं. परत हसले.

स्टेजच्या कडेला नृत्याच्या मुली उभ्या होत्या. यानंतर त्यांचा नाच होता. आमच्यासारखी लुगडी नेसलेल्या, पण जरीची, भाड्याने आणलेली. नाकात खोट्या नथी, डोक्यावर रिकाम्या टोपल्या. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. नृत्याच्या मॅडमना वाटलं असेल, म्हातारी आता रडेल आणि कार्यक्रमाचा विचका होईल. त्या पुढे आल्या. “आजी, नाचून दाखवा की. तुम्हा खाडीवरच्या लोकांच्या अंगातच असतो नाच.” त्यांनी खूण केली आणि गाणं लागलं.

मी नाचले.

लिहायला जड जातं म्हणून हे गाळणार नाही. गौरीच्या दिवसांत मी अंगणात नाचत आले आहे, लग्न होऊन कासूजवळच्या या गावात आले तेव्हापासून. बायकांनी फेर धरायचा, गाणीही आपणच म्हणायची. तिथे बघणारं कोणी नसतं, सगळ्या नाचणाऱ्याच. इथे मी नाचले कारण माझी अजून खात्री पटली नव्हती. नाय म्हटलं तर खरंच नाव काढतील, असं वाटत होतं. माझा डावा गुडघा वाकत नाही, पाय फरपटतो. मागच्या मुली माझं बघून तसाच पाय फरपटवायला लागल्या. मी हसत होते. अशा वेळी तोंड आपोआप हसतं.

दर्शना शेवटच्या रांगेत होती. मला दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. सरांनी वर्गात शिकवलं होतं की फसवणारा आधी माणसाची भीती शोधतो. भीती दाखवायची आणि घाई करायची, विचार करायला वेळ द्यायचा नाही. मग त्यांनी एकेकाला विचारलं, तुमच्या घरच्यांना कशाची भीती वाटते? दर्शना हुशार. हात वर करून तिने उत्तर दिलं की माझी आजी एकाच गोष्टीला भिते, माझं कॉलेज सुटायला. सर शाबास म्हणाले. माझा नंबर कॉलेजकडे होताच. हे सगळं कशासाठी चाललंय, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“मीच दिलं त्यांच्या हातात, आजी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजला गेली नाही. मी ओरडले, समजावलं, ताट पुढे केलं, ताट उचलून नेलं. हसले तर हसले, आपलं काय झिजलं, असंही म्हटलं. तेव्हा तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. कॉलेजने ते सगळं टाकलं होतं. आधी माझं पाया पडणं, मग माझा नाच. खाली तिन्ही कोर्सची जाहिरात.

गावाने ते पाहिलं. नळावर शेजारीण म्हणाली, “काय गो, नटी झालीस. आता आमच्याशी बोलशील ना?” तिच्या मनात वाईट नव्हतं. कासूच्या स्टेशनवर पोरं मात्र माझ्या पाठीमागून म्हणायची, थँक्यू आजी. मी वळले की गप्प.

मी कामावर जातच होते. ज्या स्टेजवर नाचले ते पुसत होते. पोर घरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला वाटायचं, आपण अडाणी म्हणून हे झालं. आपण शहाण्या असतो तर पोरीचं कॉलेज सुटलं नसतं. धरमतरच्या पुलावर जाऊन उभं राहावं, असंही मनात यायचं. खोटं कशाला सांगू.

मग एक दिवस तो फोन मला परत आठवला. शब्द नाही, बोलायची तऱ्हा. ती मला ओळखीची होती. मी आईबरोबर मिठागरात जायला लागले तेव्हा शाळेच्या मास्तरांनी असंच सांगितलं होतं, उद्यापासून तुझं नाव काढलं. काढलंच. मिठागराचा मुकादम असाच बोलायचा. ज्या बाईला तो उद्यापासून येऊ नको म्हणायचा, तिला दुसऱ्या दिवशी काम नसायचं. खाडीकाठच्या आमच्या खारजमिनी विकत घ्यायला गाडीतून माणसं आली, आज सही करा नाहीतर पैशांच्या यादीतून तुमचं नाव गळलं, म्हणाली. ज्यांनी विचार करायला वेळ मागितला त्यांची नावं गळली. आयुष्यात हा आवाज एकदाही खोटा निघाला नव्हता. मग तो त्या दिवशी खोटा असेल, हे मी कशावरून धरायचं होतं? भीती आणि घाई ही चोरांची युक्ती, असं सर शिकवतात. आमच्याशी तर ऑफिसातली माणसं नेहमी असंच बोलत आली. त्या मुलाने फक्त त्यांचा आवाज काढला.

हे कळलं तेव्हा मी बादली ठेवली आणि बाकावर बसले. कामाच्या वेळेत. पहिल्यांदाच.

त्याच आठवड्यात सरांनी मला ऑफिसात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. म्हणाले, पेणचा कार्यक्रम फार गाजला. रोह्याच्या आपल्या कॉलेजातही शनिवारी तोच करायचाय. तुम्हाला गाडीने नेऊ. या वेळी फोन दर्शनाने करायचा, नातीनेच आजीला फसवायचं, लोकांच्या मनावर ठसेल. ती येत नाही त्याचंही मग बघून घेऊ. “तुम्ही फक्त तसंच घाबरायचं, आजी. खरं वाटलं पाहिजे.”

मी म्हटलं, “नाय.”

त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मी सगळं ऐकून घेतलं.

“समजलं मला. मी घाबरनार नाय आनी पोरगी फोन करनार नाय. तो नाच पन मोबाईलवरना काढा.”

सरांचं हसणं गेलं. म्हणाले, तुमचंच नुकसान आहे. रोह्याला आमच्याकडे झाडणारी बाई आहे, तिला तर आधी सांगायचीही गरज नाही.

संध्याकाळी कंत्राटदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. मी बरं म्हटलं. पाया पडले नाही.

शनिवारी मी कासूहून गाडीत बसले आणि रोह्याला उतरले. कॉलेजात मागच्या दाराने गेले, आमचं दार तेच असतं. जिन्याखाली एक बाई बादली भरत होती. हिरूबाय तिचं नाव. आतल्या भातशेतीच्या गावातली, माझ्याहून जरा लहान. मी तिला सांगितलं, आज तुला फोन येईल, घाबरवतील, नंबर विचारतील. सांगू नको. हॉलमध्ये सगळे ऐकत असतात.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू ती नाचनारी ना गो?”

“व्हय. तीच.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचा चेहरा बघता बघता उतरला. तुझं काम आज बंद होतंय, असं काहीतरी तिला सांगत असावेत. तिने नंबर वाचायला सुरुवात केली. मी तिच्या हातातून मोबाईल घेतला.

“मी पेनची. ज्या म्हातारीला हसलात, ती. आमाला भ्या घालायला तुमाला कोर्स लागत नाय. आनी नाचायचं आसंल तर तुमी नाचा.”

माझा आवाज हॉलमधून आला आणि मधेच तुटला. त्यांनी स्पीकर बंद केला. किती ऐकलं गेलं, माहीत नाही. कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. खुर्च्या सरकल्याचा आवाज तेवढा आला. मग वॉचमनने मला धरून बाहेर काढलं.

हिरूबाय माझ्या मागे गेटपर्यंत आली. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, “तुझं गेलं, आता माझं घालवलंस. कोनी बोलावलं व्हतं तुला?”

ती आत वळली. तिचं काम राहिलं की गेलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दर्शना कॉलेजला जात नाही. नागोठण्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते, शिफ्टने. घरी आली की हातपाय धुऊन झोपते. तो नाच अजून मोबाईलवर आहे. लोक अजून बघतात.

मी तिला समजवायचं सोडलं आहे. पण कॉलेजातली तिची जागा मी सोडलेली नाही. पुढच्या प्रवेशाच्या दिवशी मी पेणच्या त्या गेटवर उभी राहणार. आत जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगणार की इथे पोरांकडून त्यांच्या घरच्यांची भीती काढून घेतात आणि तिचा खेळ लावतात. पोरीला परत बोलवा आणि जिथे हसलात तिथेच, त्याच हॉलमध्ये, तिची माफी मागा, हे सरांना तोंडावर सांगणार. हाकललं तर रस्त्यावर उभी राहीन. रोज राहीन. मला आता दुसरं काम नाही.

हे कुणाचं ऐकलेलं सांगत नाही. मिठागरात राबलेली, कॉलेजची फरशी पुसलेली, चौथी शिकलेली म्हातारी मीच. स्टेजवर नाचली तीही मीच.